दोन लाखांची कंपनी आणि तुमची एक खुर्ची

तुम्ही लिहिलंय की कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातून कॅलिफोर्नियात एल-१बी वर (कंपनी आपल्याच माणसाला अमेरिकेतल्या ऑफिसात नेते तो व्हिसा) बदली मिळतेय, सोबत बायको आणि आठ वर्षांची मुलगी. घरचे म्हणतात, दोन लाख माणसं पोसणाऱ्या कंपनीत एक खुर्ची कुठे जाते? आणि तुमचा स्वतःचा प्रश्न, एवढी माणसं तिथे करतात तरी काय? व्हिसाचे फॉर्म, भत्ते, घरभाडं हे सगळं कागदोपत्री मिळेल, ते सोडतो. पण माणसांचा प्रश्न माझ्याही मनात वर्षानुवर्षं रुतलेला आहे.

आधी हिशोब. २०२२ मध्ये गूगलचं जाहिरातींचं उत्पन्न सुमारे २२४ अब्ज डॉलर होतं. एखाद्या टीमच्या बदलाने ते फक्त ०.१ टक्क्याने वाढलं, तरी बावीस कोटींहून जास्त डॉलर होतात. एक इंजिनियर पगार, शेअर, विमा धरून वर्षाला चार लाख डॉलरला पडतो असं समजा, तर तेवढ्यात साडेपाचशे जणांचा खर्च निघतो. म्हणून अनेक प्रयोग फसले तरी कंपनीला परवडतं, आणि फसणाऱ्या प्रयोगांवरही माणसं लागतातच.

दुसरा भाग चालू ठेवण्याचा. ९९.९९ टक्के वेळ सेवा सुरू हवी म्हणजे वर्षात जेमतेम ५२ मिनिटं बंद. रात्री तीनला पेजर, म्हणजे बिघाडाची सूचना, वाजला की काही मिनिटांत लॅपटॉप उघडणारा हवा, त्याच्यामागे एक राखीव हवा. गूगलच्या एसआरई (सेवा अखंड चालू ठेवणाऱ्या इंजिनियरांच्या) पद्धतीत हे एकाच ठिकाणाहून सांभाळायला किमान आठ जण धरतात, दोन ठिकाणी वाटलं तर दोन्हीकडे सहा-सहा. हे झालं एका टीमचं. लॉगिन वेगळं, पैसे भरणं वेगळं, साठवण वेगळी. आठाचे पाच केले की पाळी लवकर येते, झोप मोडते, आणि उरलेल्या पाचांतलाही एखादा आपणहून जातो.

व्हॉट्सअ‍ॅपचं उदाहरण, थोड्या माणसांत भागतं हे दाखवायला, हटकून दिलं जातं. २०१४ मध्ये फेसबुकने ते घेतलं तेव्हा पंचावन्नच्या आसपास माणसं आणि ४५ कोटी वापरकर्ते. खरं आहे. पण तिथे जाहिराती नव्हत्या, त्यामुळे त्या विकणारे, बिलं करणारे, फसव्या जाहिराती पकडणारे नव्हते. शिवाय मे २०१८ पासून युरोपात कुणी ‘माझी माहिती पुसा’ म्हटलं की साधारण महिनाभरात उत्तर द्यावं लागतं. माहिती शंभर ठिकाणी पसरलेली असेल तर ती शोधून पुसणं हेच अनेक टीमांचं पूर्णवेळ काम होतं.

तिसरं कारण कुणी लिहून देत नाही. मॅनेजरचं वजन हाताखालच्या माणसांवर ठरतं, म्हणून मंजूर झालेली जागा कुणी रिकामी ठेवत नाही. गूगलची मूळ कंपनी अल्फाबेट २०१९ अखेर १,१८,८९९ माणसांची होती, २०२२ अखेर १,९०,२३४ ची. लगेच जानेवारी २०२३ मध्ये १२,००० जणांना काढायचं जाहीर झालं. मेटाने आधी ११,०००, मग आणखी १०,००० म्हटलं. अशा वेळी आख्खे प्रकल्प बंद होतात, आणि त्यात उत्तम काम करणाराही जातो. आकडा मोठा म्हणून खुर्ची पक्की असं नसतं, हे घरच्यांना नीट समजावून सांगा.

म्हणून होकार देण्याआधी मॅनेजरला विचारा: टीमकडे कुठल्या चालू सेवेचा पेजर आहे? तिचा पैशाशी थेट संबंध काय? दोन वर्षांत टीम किती मॅनेजरांच्या हाती गेली? उत्तर गोलमोल आलं तर थांबा.

कागदांचा जाच इथेच सुरू होतो. नोकरी गेली की तिथे राहायला जास्तीत जास्त ६० दिवस, आणि निरोपाचे पैसे मिळत राहिले तरी मोजणी नोकरी संपल्यापासूनच. एच-१बी (कुशल कामगारांचा नेहमीचा व्हिसा) वाला त्यात दुसरी कंपनी धरू शकतो. एल-१ वाल्याला तसं जाता येत नाही. एच-१बी साठी मार्चमध्ये लॉटरीची नोंदणी, काम १ ऑक्टोबरपासून. ऑगस्टमध्ये नोकरी गेलेल्याने काय करायचं? ग्रीन कार्डाची पहिली पायरी म्हणजे पर्म, या कामाला तिथला माणूस मिळत नाही हे कंपनीने दाखवणं. त्याच भागात, त्याच कामातले लोक सहा महिन्यांत काढले असतील तर कंपनीला आधी त्यांना कळवून त्यांचा विचार करावा लागतो, म्हणून कपातीनंतर मोठ्या कंपन्या पर्मच थांबवतात. ज्यांची नोकरी वाचली तेही अडकतात. गेल्यानंतरच्या पहिल्याच मार्च महिन्यात एच-१बी ची नोंदणी करणार का आणि पर्म कधी सुरू करणार, दोन्ही ईमेलवर घ्या.

मुलीच्या शाळेबद्दल मला शांतपणे लिहिता येत नाही. प्रवेशाच्या वेळी घरच्या भाषेची प्रश्नावली असते. खरं उत्तर दिलं, ‘मराठी’, की ३० दिवसांच्या आत एल्पॅक ही इंग्रजीची परीक्षा. पुण्यात इंग्रजी माध्यमात शिकलेलं मूलही नव्या उच्चारांपुढे, अनोळखी खोलीत बिचकतं, आणि मग ‘इंग्रजी शिकणारी’ हा शिक्का काढायला पुढच्या परीक्षा, शिक्षकांचं मत, बरंच काही लागतं. घरात मराठी बोलणं हा दोष असल्यासारखं मुलाला वाटतं, ते मला आजही सलतं. तरी खोटं लिहू नका. परीक्षेचा नमुना आधी दाखवा, ऐकण्याचा सराव करून घ्या. लसींचं कार्डही तपासा. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेला मिळते, गालगुंडाची नाही, कांजिण्यांचीही नाही. तिथे एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला) दोन आणि कांजिण्यांचे दोन डोस मागतात. इथेच घ्या, दोन डोसांमध्ये अंतर ठेवावं लागतं.

एकटेपणा असतो. मंडळं आहेत, गणपती बसतात, फोन आहे. त्यावर जास्त लिहीत नाही.

रुजू होण्याची तारीख जुलैची मागा. शाळा ऑगस्टच्या मध्यास सुरू होतात, मुलगी वर्गात पहिल्या दिवसापासून बसेल, आणि पुढचा मार्च यायला तुमच्या हातात आठ महिने असतील.