‘नाही’ म्हणूनही अटी का आल्या?

प्रश्न : २०१५ मध्ये ग्रीसच्या जनतेने सार्वमतात कर्ज देणाऱ्यांनी घातलेल्या काटकसरीच्या अटी धुडकावल्या. मग आठवडाभरातच सरकारने बहुतांश त्याच अटी का मान्य केल्या?

उत्तर : कारण युरो छापणे ग्रीसच्या हातात नव्हते. ५ जुलैच्या मतदानात ६१.३ टक्के लोकांनी ‘ओही’, म्हणजे ‘नाही’ म्हटले. पण गाडे अडले होते बँकांत. घाबरलेले लोक कित्येक महिने ठेवी काढत होते. ती तूट ग्रीसची मध्यवर्ती बँक आणीबाणीच्या कर्जातून भरून काढायची. या कर्जासाठी बँकांना तारण द्यावे लागे आणि त्याची कमाल मर्यादा युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संमतीने ठरे. सार्वमत जाहीर होताच, २८ जूनला, ही मर्यादा सुमारे ८९ अब्ज युरोवर गोठवली गेली. दुसऱ्या दिवसापासून बँकांना टाळे. एटीएममधून दिवसाला ६० युरो मिळणार होते, पण वीसच्या नोटा संपल्या की पन्नासावरच भागवावे लागे. कार्ड नसलेल्या पेन्शनरांसाठी काही शाखा तेवढ्यापुरत्या उघडल्या; तिथे हातावर टेकवले १२० युरो. हे दृश्य कुठल्याही आकडेवारीपेक्षा जास्त बोलते.

कौल लागल्यावर, ६ जुलैला, तारणाचे नियम बदलले : तारण तेच, पण त्यावर मिळू शकणारी रक्कम कमी. त्यातच २० जुलैला युरोपीय मध्यवर्ती बँकेचे ३.५ अब्ज युरो फेडायचे होते. पर्यायी चलन तयार नव्हते. १३ जुलैला पंतप्रधान सिप्रास यांच्या सरकारने करार स्वीकारला : ८६ अब्जांपर्यंत नवे कर्ज, बदल्यात पेन्शनकपात, वाढीव व्हॅट आणि सरकारी मालमत्तेचा ५० अब्जांचा निधी. लोकांचा निर्णय चुकला असे आम्ही मानत नाही. सरकारने मतदानाआधी बँका चालू ठेवण्याची सोय केली नव्हती, हा खरा दोष.

प्रश्न : २०१२ मध्ये कर्जाचा मोठा भाग माफ झाला होता ना? तरी ओझे का उतरले नाही?

उत्तर : खासगी रोखेधारकांची दर्शनी रक्कम, म्हणजे रोख्यावर लिहिलेली मूळ रक्कम, ५३.५ टक्क्यांनी घटली, हे खरे. पण ग्रीक बँकांकडेही तेच रोखे होते. त्यांना सावरायला सरकारने पुन्हा कर्ज काढले. शिवाय कर्जाचे ओझे उत्पन्नाच्या प्रमाणात मोजतात आणि तो भाजक, म्हणजे देशाचे उत्पन्नच, आक्रसला. उत्पन्न १०० आणि कर्ज १०० धरा. उत्पन्न ७५ वर आले, तर एक पैसाही नवा न घेता कर्जाचे प्रमाण १३३ टक्के होते. ग्रीसची अर्थव्यवस्था मंदीत साधारण तेवढीच, म्हणजे चौथाईने, आटली होती.