भुकेला विचारून जेवू नकोस

पोरी,

तुझा मेसेज वाचला. दिवसभर भूक लागत नाही, दुपारी मेसचं ताट बघूनच नको होतं, आणि रात्री बारानंतर चिप्सची दोन पाकिटं, वर बेळगावची कुंद्याची मिठाई. मग रडारड. 'बाई, माझा स्वतःवर ताबाच नाही' असं लिहिलंस. ताब्याचा इथे काय संबंध?

परीक्षा अंगावर आली की ॲड्रेनालिन नावाचं हार्मोन चढतं आणि भूक मरते. ताण आठवडेच्या आठवडे राहिला की कॉर्टिसॉल हे दुसरं हार्मोन वाढतं, मग गोड-तेलकट खावंसं वाटतं. त्यात तुझी जागरणं. दिवसभर उपाशी ठेवलेलं शरीर रात्री वसुली करतं, एवढंच. म्हणून सांगते, भुकेला विचारू नकोस, घड्याळ बघ.

सकाळी साडेआठ, दुपारी दीड, रात्री आठ. भूक असो नसो, ताटावर बसायचं. अर्धी भाकरी तर अर्धी. वेळ नाही म्हणतेस? टिळकवाडीच्या टपरीवर चार-चारदा चहाला जातेस, तो वेळ कुठला? त्या चहानंच दुपारची भूक मारलीय.

मराठी शाळेतून येऊन एकदम इंग्रजी पुस्तकं, कॉलेजच्या ऑफिसात कन्नड अर्ज, वर व्हीटीयूच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या विद्यापीठाच्या परीक्षा. ताण येणारच, तो मला समजावू नकोस. घास गिळवत नसेल तर नाचणीची आंबील कर. खानापुराहून पीठ आणतेस ना? आदल्या रात्री पाण्यात कालव, सकाळी शिजव, निवल्यावर ताक-मीठ घाल. भाकऱ्या मात्र फडक्यात वाळवू नकोस, आईनं पहाटे उठून थापलेल्या असतात.

मी नोकरीत दीड वाजला की डबा उघडायचे, मीटिंग चालू असली तरी. साहेबांना तो उद्धटपणा वाटला. बढतीच्या वेळी विषय निघाला, बढती गेली, घरीही बोलणी खाल्ली. पगाराची खंत आहे, खोटं कशाला बोलू? पण डबा उघडल्याची नाही. भुकेनं कावलेलं माणूस फायलीत काय दिवे लावणार होतं?

डाएट चार्ट मागितलास, तो मी देणार नाही. दीड म्हणजे दीड, एवढाच चार्ट. खाल्लेलं मुद्दाम ओकून काढावंसं वाटलं किंवा पाळी चुकायला लागली, तर मात्र मला मेसेज करत बसू नकोस, सरळ डॉक्टरकडे जा.

मेसच्या मावशींना रात्री आठला ताट वाढायला मी सांगू का? नको, तूच सांग.