कॅम्पर व्हॅनमध्ये व्होल्टमीटर असताना बॅटरी मॉनिटर लागतो का? आणि त्याचा शंट नक्की कुठे जोडायचा?

लागतो. व्होल्टमीटर काढू नका, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

तुम्ही लिहिलंय की ट्रॅव्हलरमध्ये १५० एएचची (अँपिअर-तासांची) टॉल ट्युब्युलर, म्हणजे उंच लेड-ॲसिड बॅटरी आहे, टपावर सोलर आहे, रात्रभर फ्रीज आणि पंखा चालतो आणि सकाळी मीटर १२.१ दाखवतो, आता त्यातून काय समजायचं? फारसं काही नाही. १२.७ म्हणजे भरलेली आणि १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, हे कोष्टक काही तास निवांत पडून असलेल्या बॅटरीचं. तुमचा फ्रीज तिला निवांत पडू देतो कुठे? कॉम्प्रेसर लागला की आकडा खाली, थांबला की वर. उद्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतलीत तर व्होल्टेजवरून अंदाज जवळपास बंदच, कारण ती बराचसा काळ १३.२-१३.३ पाशीच रेंगाळते.

मॉनिटर आत आलेले आणि बाहेर गेलेले अँपिअर मोजून बेरीज-वजाबाकी ठेवतो आणि त्यावरून बॅटरी किती टक्के उरली ते दाखवतो. मोजणारा भाग म्हणजे शंट, मायनसच्या तारेत बसणारा पितळी-तांब्याचा जाड तुकडा. ५०० अँपिअरच्या नेहमीच्या शंटवर पूर्ण भाराला ५० मिलीव्होल्ट पडतात. म्हणजे ५ अँपिअर घेणाऱ्या फ्रीजचे फक्त अर्धा मिलीव्होल्ट. त्यामुळे ढिला बोल्ट किंवा कच्चं क्रिम्पिंग (केबलच्या टोकाचं लग दाबून बसवणं) इथे चालत नाही.

आता मुख्य गोष्ट. या १५० एएचच्या बॅटरीच्या (इंजिनच्या नव्हे) मायनस टर्मिनलवर एकच केबल राहिली पाहिजे, शंटकडे जाणारी. बाकी सगळं शंटच्या पलीकडच्या टोकाला: इन्व्हर्टरचा मायनस, सोलर कंट्रोलरचा बॅटरी-मायनस, डीसी-डीसी चार्जरचा (गाडी चालताना इंजिनकडून ही बॅटरी भरणाऱ्याचा) मायनस आणि बॉडी अर्थ, म्हणजे गाडीच्या लोखंडी बॉडीला जाणारी मायनस केबल. हा जकात नाका आहे. एक जरी गाडी आडवाटेने गेली तरी हिशेब चुकला. टक्के खोटे येतात अशी तक्रार ऐकली की मी आधी हेच बघतो आणि बहुतेक वेळा बॉडी अर्थच सापडतो. गाडीत निम्मे दिवे आणि पंप बॉडीतून मायनस घेतात. बॅटरीवरून बॉडीला गेलेली जुनी केबल तशीच ठेवली, तर तो सगळा करंट शंटला न भेटताच परत येतो. इंजिनच्या बॅटरीचा मायनस मात्र आहे तिथेच, बॉडीवर राहू द्या. तिचं व्होल्टेज बघायचं असेल तर मॉनिटरच्या जादा पिनला तिच्या प्लसवरून फ्यूजसकट एक बारीक तार पुरते.

जोडताना आधी सोलर पॅनल कंट्रोलरपासून सोडवा. पॅनल जोडलेलं ठेवून बॅटरी काढली तर बरेच कंट्रोलर बिथरतात. मग सगळे खटके बंद, अंगठी-कडं काढून ठेवा आणि मायनस सोडा. शंटवर दोन बाजू छापलेल्या असतात, बॅटरीची आणि सिस्टीमची. उलटं जोडलंत तर खर्चाला जमा दाखवेल. बॅटरी ते शंट केबल इन्व्हर्टरच्या केबलइतकीच जाड हवी. १००० वॉटच्या इन्व्हर्टरला १२ व्होल्टवर शंभराच्या आसपास अँपिअर लागतात, तेव्हा २५ किंवा ३५ स्क्वेअर एमएम. मॉनिटरला वीज देणारी लाल बारीक तार बॅटरीच्या प्लसवर, फ्यूज लावूनच. आणि शंट बॅटरीच्या पेटीत बसवू नका. ट्युब्युलर चार्ज होताना हायड्रोजन आणि ॲसिडची वाफ सोडते, त्यामुळे पेटीला बाहेर वायुवीजन हवं आणि शंट, फ्यूज पेटीबाहेर.

मग एकेक गोष्ट चालू करून बघा: दिवा, पंप, फ्रीज, शेवटी इन्व्हर्टर. प्रत्येक वेळी मीटरचा वजा आकडा वाढला पाहिजे. जी चालू करूनही आकडा हलत नाही, तिची मायनस तार शंटला चुकवून गेली आहे. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) कुणाकडे असेल तर ताडून घ्या.

सेटिंगमध्ये क्षमता १५०, प्यूकर्ट (जास्त करंट ओढला की क्षमता किती घटते त्याचा आकडा) १.२५, चार्जिंगची कार्यक्षमता ९५ टक्के. प्यूकर्टकडे दुर्लक्ष करू नका. १५० एएच हा आकडा २० तासांचा, म्हणजे ७.५ अँपिअरने काढलेला. ८०० वॉटची इंडक्शन लावलीत तर इन्व्हर्टरचा तोटा धरून ७८ अँपिअर जातात. साधा भागाकार जवळजवळ दोन तास सांगतो, पण बॅटरी जेमतेम एक तास देते, तीही पार रिकामी होऊन. ट्युब्युलर रोज निम्म्याखाली नेऊ नका, म्हणजे तुम्हाला अर्धा तास. माझं मत विचाराल तर या बॅटरीवर इंडक्शन नकोच, गॅस ठेवा.

‘पूर्ण चार्ज’ कधी मानायचं ही सेटिंग सोलरवाल्यांना हमखास दगा देते. विक्ट्रॉन कंपनीच्या बीएमव्ही किंवा स्मार्टशंट या मॉनिटरमध्ये मुळात १३.२ व्होल्ट, ४ टक्के टेल करंट आणि ३ मिनिटं असतात: व्होल्टेज याहून वर आणि चार्जिंग करंट क्षमतेच्या ४ टक्क्यांखाली (तुमच्याकडे ६ अँपिअर) असं ३ मिनिटं राहिलं की पूर्ण चार्ज. दुपारी ढग आला की करंट ६ अँपिअरखाली येतो, व्होल्टेज अजून वर असतं आणि मीटर सरळ १०० टक्के लिहून मोकळा होतो. तुमचा कंट्रोलर १४.४ पर्यंत नेत असेल तर मी १४.२ आणि ५ मिनिटं ठेवेन. पहिल्यांदा बॅटरी खरोखर पूर्ण भरू द्या, मगच हाताने सिंक करा, म्हणजे मीटरला १०० टक्क्यांवर आणा.

कोणता घ्यायचा? पॅनलवर डिस्प्ले हवा असेल तर बीएमव्ही-७१२ (५२ मिमीचं भोक पाडावं लागतं), फोनवर भागत असेल तर स्मार्टशंट. चिनी स्वस्त मीटरही अँपिअर ठीक मोजतात, फक्त ढगांची वर लिहिलेली भानगड आवरायला त्यातल्या बऱ्याच मीटरांत सेटिंग नसतात.

पावसाळ्यात कोकणात चार-पाच दिवस बॅटरी पूर्ण भरतच नाही, तेव्हा टक्केवारी हळूहळू सरकत जाते. अशा वेळी कुठे तरी रात्रभर २३० व्होल्टवर लावून पूर्ण चार्ज करा. मीटरही ताळ्यावर येतो आणि प्लेटांवर सल्फेटही साचत नाही. आणि मीटर ५० टक्के म्हणत असताना नुसत्या पंख्यावर ११.८ दिसायला लागलं, तर दोष मीटरचा नाही. बॅटरी म्हातारी झाली, १५० च्या जागी खरा आकडा टाका.