अमेरिकेतील लोकप्रतिनिधी ‘कर वाढवणार नाही’ अशा प्रतिज्ञापत्रावर खरोखर सही करतात का, आणि म्हणूनच तिथे श्रीमंतांवरचे कर वाढत नाहीत का?

होय, असे प्रतिज्ञापत्र खरोखर आहे, आणि त्यावर साक्षीदारांच्याही सह्या घेतात. मी गेली बावीस वर्षे न्यू जर्सीमध्ये लोकांची आयकर विवरणपत्रे भरून देण्याचे काम करतो. एडिसन आणि आसपासच्या गावांत स्थिरावलेली मराठी कुटुंबे माझ्याकडे बरीच येतात. त्यामुळे आपल्या प्रश्नातला हा विषय मला रोजच्या कामातून परिचयाचा आहे. प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर मात्र पहिल्याइतके सरळ नाही. प्रतिज्ञेमुळे श्रीमंतांवरचे कर कायमचे गोठले, असे झालेले नाही. गोठली ती त्यांच्या करांविषयीची दोन पक्षांमधली देवाणघेवाण, आणि खरे नुकसान तिथे झाले असे माझे मत आहे.

ग्रोव्हर नॉरक्विस्ट यांनी १९८५ मध्ये ‘अमेरिकन्स फॉर टॅक्स रिफॉर्म’ ही संस्था स्थापन केली आणि पुढच्या वर्षी ही ‘करदाता संरक्षण प्रतिज्ञा’ पुढे आणली. त्या वर्षी रेगन यांच्या कारकिर्दीत, दोन्ही पक्षांच्या संमतीने, आयकराचा सर्वोच्च दर ५० टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर आणण्याचा कायदा झाला आणि त्या बदल्यात अनेक वजावटी व पळवाटा बंद करण्यात आल्या. उद्या दर पुन्हा चढले आणि गेलेल्या वजावटी मात्र परत आल्या नाहीत तर काय, ही त्यामागची भीती होती, आणि ती रास्त होती. म्हणून सही करणारा दोन वचने देतो: व्यक्ती किंवा उद्योग यांच्यावरील आयकराचे सीमांत दर (म्हणजे उत्पन्नाच्या वरच्या टप्प्यावर लागणारे दर) वाढवण्याच्या प्रत्येक प्रयत्नाला मी विरोध करीन; आणि एखादी वजावट वा सवलत काढून सरकारचे उत्पन्न वाढत असेल, तर तेवढ्याच रकमेने दर कमी केल्याशिवाय मी तीही काढू देणार नाही.

बाहेरच्या वाचकाचे लक्ष पहिल्या वचनाकडे जाते. मला मात्र दुसरे अधिक जाचक वाटते. एखाद्या उद्योगाने प्रयत्नपूर्वक मिळवलेली सवलत कितीही अन्याय्य असली, तरी ती काढणे म्हणजे ‘करवाढ’ ठरते. २०११ मध्ये ओक्लाहोमाचे रिपब्लिकन सिनेटर टॉम कोबर्न यांनी मक्यापासून बनणाऱ्या इथेनॉलची कर-सवलत रद्द करण्याचा आग्रह धरला. ती सवलत म्हणजे सरकारी तिजोरीतून दिलेले अनुदानच होते, आणि कोबर्न हे खर्चकपातीचे अत्यंत कडवे पुरस्कर्ते होते. तरीही नॉरक्विस्ट यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला. शेवटी सिनेटमध्ये सवलतीच्या विरोधात ७३ विरुद्ध २७ मते पडली, परंतु एवढ्या उघड गोष्टीसाठी स्वपक्षातच इतके झगडावे लागले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

प्रतिज्ञा पक्षाला वा संस्थेला उद्देशून नसून मतदारसंघातील करदात्यांना आणि अमेरिकी जनतेला उद्देशून असते, आणि तिला मुदत नसते. तो माणूस पदावर असेपर्यंत ती लागू. तिचा धाक कसा बसला, हे १९८८ मध्ये दिसले. रिपब्लिकन पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या न्यू हॅम्पशायरच्या प्राथमिक निवडणुकीआधीच्या वादचर्चेत एका प्रतिस्पर्ध्याने बॉब डोल यांच्या हाती हे प्रतिज्ञापत्र दिले आणि डोल यांनी सही करण्याचे नाकारले. ती लढत जॉर्ज बुश (थोरले) जिंकले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यू ऑर्लीन्सच्या पक्ष-अधिवेशनात त्यांनी नवे कर लावणार नाही असा शब्द अतिशय ठासून दिला, आणि दोन वर्षांत तो मोडला: १९९० च्या तुटीने त्यांना विरोधकांशी तडजोड करायला लावली आणि सर्वोच्च दर २८ वरून ३१ टक्के झाला. स्वतःच्याच पक्षातून न्यूट गिंग्रिच यांनी बंड केले, १९९२ मध्ये प्राथमिक फेरीत पॅट ब्युकॅनन उभे राहिले आणि अखेर बुश क्लिंटन यांच्याकडून हरले. त्या पराभवाला मंदीसह इतरही कारणे होती, परंतु रिपब्लिकन पक्षाने त्यातून एकच धडा घेतला. बुश यांनी १९९० मध्ये जे केले ते देशाच्या हिताचे होते आणि त्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली, असे मला आजही वाटते.

प्रतिज्ञेच्या समर्थकांची बाजूही इथे मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. ते १९८२ चा दाखला देतात: करांत एक डॉलर वाढ मान्य केली तर खर्चात तीन डॉलर कपात करू, असे रेगन यांना सांगण्यात आले, कर वाढले, कपात मात्र ठरल्याप्रमाणे झालीच नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. कर आज वाढतो आणि कपातीचे आश्वासन पुढच्या संसदेवर सोपवले जाते, तेव्हा पहिल्या गोष्टीला नकार देणे हाच उपाय उरतो, हा त्यांचा युक्तिवाद आहे. नॉरक्विस्ट आणखी एक गोष्ट सांगत: पक्ष ही एक छाप आहे, शीतपेयाच्या एका बाटलीत उंदराचे डोके निघाले तर गिऱ्हाईक सगळ्याच बाटल्यांकडे संशयाने पाहते, आणि करवाढीला मत देणारा रिपब्लिकन हे ते डोके आहे. पक्षाची शिस्त म्हणून हे समजते. पण लोकप्रतिनिधीला परिस्थिती पाहून विचार करण्यासाठी पाठवलेले असते, हे त्यात पार विसरले जाते.

ही शिस्त कुठवर गेली याचे दृश्य ऑगस्ट २०११ मध्ये आयोवातील एम्स इथे रिपब्लिकन अध्यक्षीय इच्छुकांच्या वादचर्चेत दिसले. दहा डॉलर खर्चकपात आणि फक्त एक डॉलर करवाढ, असा करार समोर आला तर तो कोण नाकारील, असे विचारल्यावर मंचावरच्या आठही उमेदवारांनी हात वर केले. त्यानंतर काही दिवसांतच अब्जाधीश गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी एका लेखात लिहिले की त्यांनी आपल्या करपात्र उत्पन्नाच्या १७.४ टक्के कर भरला, तर त्यांच्या कार्यालयातील इतर वीस जणांवरचा भार ३३ ते ४१ टक्के होता. ओबामांनी त्यावरून दहा लाख डॉलरहून अधिक कमावणाऱ्यांनी किमान ३० टक्के कर द्यावा असा नियम सुचवला. एप्रिल २०१२ मध्ये सिनेटमध्ये त्याच्या बाजूने ५१ मते पडली, पण चर्चा पुढे नेण्यासाठी साठ लागत होती.

आता कोंडी फुटली कशी ते पाहा. धाकट्या बुश यांची करकपात ३१ डिसेंबर २०१२ च्या मध्यरात्री आपोआप संपत होती. म्हणजे कोणीही मत न देता सगळ्यांचेच दर वाढले. मग १ जानेवारी २०१३ च्या रात्री प्रतिनिधिगृहाने २५७ विरुद्ध १६७ मतांनी कायदा मंजूर केला: बहुतेकांचे दर पुन्हा खाली आले, आणि एकट्या व्यक्तीच्या चार लाख व दांपत्याच्या साडेचार लाख डॉलरवरील उत्पन्नाला ३९.६ टक्के दर लागू राहिला. त्याला ८५ रिपब्लिकनांनी मत दिले, आणि मध्यरात्रीनंतरचे मत हे करकपातीचे मत असल्याने प्रतिज्ञा मोडली नाही, असा निर्वाळा नॉरक्विस्ट यांनीच दिला. आदल्या दिवशी जे वचनभंग ठरले असते, ते घड्याळाचा काटा सरकल्यावर वचनपालन ठरले. हजारो माणसांच्या पगाराचा, औषधाचा, शाळेचा खर्च ज्यावर अवलंबून असतो ते निर्णय अशा शब्दच्छलावर तरावेत, याचे मला अतिशय वाईट वाटले होते.

त्या जानेवारीत माझ्याकडे येणाऱ्या अनेकांना वाटत होते की साडेचार लाखांची रेषा ओलांडली की सगळ्या उत्पन्नावर ३९.६ टक्के कर बसेल. एका दांपत्याने तर जोडीदाराची नोकरी सोडण्याचा विचार बोलून दाखवला. त्यांना कागदावर आकडे मांडून दाखवले: करपात्र उत्पन्न ४,६०,००० डॉलर असेल, तर वाढीव दर केवळ वरच्या दहा हजारांवर लागतो, ३५ ऐवजी ३९.६ टक्के, म्हणजे वर्षाला ४६० डॉलर अधिक. सीमांत दर म्हणजे त्या टप्प्यापलीकडच्या शेवटच्या डॉलरवरचा दर, एवढे साधे वाक्य जर प्रत्येक सभेत सांगितले गेले असते, तर अर्धी भीती तिथेच संपली असती.

प्रतिज्ञा फक्त रिपब्लिकनांचीच, असे मात्र समजू नका. ओबामांनी २००८ मध्ये वचन दिले की अडीच लाख डॉलरपेक्षा कमी उत्पन्नाच्या कुटुंबाचा कोणताही कर वाढणार नाही. बायडन यांनी २०२० मध्ये ती रेषा चार लाखांवर नेली. ऐकायला हे न्याय्य वाटते, आणि श्रीमंतांनी अधिक द्यावे या मताचा मीही आहे. पण एका बाजूने सर्वांनाच वगळायचे आणि दुसऱ्या बाजूने अगदी वरचा थर सोडून सर्वांना वगळायचे, तर बालसंगोपन, निवृत्तिवेतन आणि आरोग्य यांचा वाढता खर्च कोण भरणार, हा प्रश्न कोणीच विचारत नाही. २०२२ मध्ये कर खात्याला सुमारे ८० अब्ज डॉलरचा वाढीव निधी मंजूर झाला, तेव्हा चार लाखांखालील लोकांच्या तपासणीचे प्रमाण वाढवू नये, असे निर्देश त्या खात्याला देण्याची वेळ तेव्हाच्या अर्थमंत्री जॅनेट येलेन यांच्यावर आली. वचन दराविषयी होते. त्याची सावली तपासणीवरही पडली.

शिवाय दोन्ही बाजूंचा वाद बराचसा पगाराच्या दराभोवती फिरतो, आणि अतिश्रीमंत माणूस पगारावर जगत नाही. त्याचे समभाग वाढतात, विकले नाहीत तर कर नाही. विकले तर दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर २० टक्के आणि वर गुंतवणुकीच्या उत्पन्नावरचा ३.८ टक्के कर, तारण ठेवून कर्ज काढले तर काहीच नाही, आणि मृत्यूनंतर वारसाकडे जाताना मूळ किंमत त्या दिवसाच्या भावाने धरली जाते, त्यामुळे तोवरचा नफा आयकराच्या हाती कधीच लागत नाही. माझ्याकडे येणारा पगारदार डॉक्टर अनेकदा आपल्या उत्पन्नाचा जितका हिस्सा भरतो, तितका शेकडो कोटींचा मालक भरत नाही, तो यामुळे.

भारतातल्या वाचकाला हे दूरचे वाटू नये. आपल्याकडे मृत्यूनंतरच्या मालमत्तेवरचा कर १९८५ मध्ये रद्द झाला, संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात गेला आणि त्याऐवजी एक कोटीवरील उत्पन्नावर दोन टक्के जादा अधिभार आला. २०२४ च्या प्रचारात वारसा कराचा नुसता उल्लेख होताच काँग्रेसला तातडीने हात झटकावे लागले.

अमेरिकेत मे २०२५ मध्ये खुद्द ट्रम्प यांनी पंचवीस लाख डॉलरवरील उत्पन्नाला पुन्हा ३९.६ टक्के दर लावण्याची कल्पना पुढे केली होती. ४ जुलैला सही झालेल्या कायद्यात मात्र मध्यंतरी ३९.६ वरून खाली आलेले ३७ टक्केच कायम झाले. राज्यांत चित्र वेगळे आहे. आमच्या न्यू जर्सीत गव्हर्नरपदाचे उमेदवार फिल मर्फी यांनी २०१७ च्या प्रचारात दिलेले वचन पुरे व्हायला २०२० उजाडले, पण दहा लाखांवरील उत्पन्नाला १०.७५ टक्के दर लागू झाला. मॅसॅच्युसेट्समध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून दहा लाखांवरील उत्पन्नावर चार टक्के जादा कर लावला गेला. तो निर्णय थेट मतदारांनी मतपेटीतून दिला, त्यामुळे कोणी कशावर सही केली होती याला अर्थच उरला नाही. पहिल्या पूर्ण आर्थिक वर्षासाठी अंदाजपत्रकात एक अब्ज डॉलर धरले होते, जमा झाले दोन अब्जांहून अधिक, आणि हा पैसा शिक्षण व वाहतूक यांसाठीच वापरायचे बंधन असल्याने तिथल्या सरकारी शाळांतील मुलांना नाश्ता आणि दुपारचे जेवण आता मोफत मिळते.