फिक्स काच : वाचकांचे प्रश्न, मिस्त्रीची उत्तरं

दाराची वर-खाली होणारी काच फुटली तर काम सोपं असतं : पॅड काढा, नवी काच खाचेत सोडा, स्क्रू आवळा. या वेळी सोलापूरच्या वाचकांकडून आलेले प्रश्न मात्र थेट पत्र्याला चिकटवलेल्या, न उघडणाऱ्या बाजूच्या काचेचे आहेत. सात सीटर गाड्यांची मागची क्वार्टर काच, ट्रॅव्हलरची लांब काच, नव्या बसच्या काचा, सगळ्या त्यातच आल्या.

प्रश्न : आमची ट्रॅव्हलर अक्कलकोट-तुळजापूर-पंढरपूर अशी भाविकांना घेऊन फिरते. हैदराबाद रोडवर पुढच्या ट्रकच्या चाकातून खडा उडाला आणि मधली काच फुटली. एक मिस्त्री म्हणतो, रबर टाकून दोन तासांत बसवतो. दुसरा म्हणतो, पेस्टिंगच करावी लागेल, म्हणजे काच चिकटवावी लागेल, गाडी ठेवून जा. कुणाचं ऐकू? (मार्केट यार्ड परिसर)

दुसऱ्याचं. गाडी ठेवून जा म्हणणारा मिस्त्री तुमचं नुकसान करत नाही.

फुटलेल्या काचेच्या कडेला हात लावून बघा (हातमोजा घालून). पत्र्याला काळा, चिवट, रबरासारखा थर घट्ट चिकटलेला असेल तर ती पीयूवर, म्हणजे पॉलियुरेथेन या चिकटवण्याच्या मसाल्यावर बसवलेली काच आहे. रबर बीडिंगच्या काचेला पत्र्याची उभी कड लागते. त्या कडेवर रबराची एक खाच आणि काचेवर दुसरी खाच बसते. पेस्टिंगच्या गाडीत तशी कड नसतेच, सपाट पट्टी असते. तिथं रबर दाबून बसवलेली काच उभ्या गाडीत छान दिसेल. पण हायवेवर बाजूने कंटेनर सपकन निघून गेला की काच बाहेर ओढली जाते, आणि तिच्या शेजारी कुणीतरी डोकं टेकून झोपलेलं असतं.

आता काम कसं व्हायला हवं ते सांगतो, म्हणजे उभं राहून बघताना कळेल. आधी आतली ट्रिम (काचेभोवतीची आतली आवरणं) आणि पडदे निघतात. बाजूची काच बहुधा टफन, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेली असते, तिचे बारीक बारीक तुकडे होतात. ते सीटच्या फटीत जातात, एसीच्या डक्टमध्ये जातात आणि सीटबेल्ट ज्या डब्यात गुंडाळला जातो त्यातही जातात. बेल्ट पूर्ण ओढून व्हॅक्यूम मारायला सांगा. तुकडा अडकलेला बेल्ट वेळेला लॉक होत नाही, नाहीतर हळूहळू कापत जातो.

मग जुना पीयू. इथं नवखा कारागीर ओळखू येतो. तो जुना थर पत्रा दिसेपर्यंत खरवडून काढतो आणि वर सांगतो, बघा किती स्वच्छ केलं! जुना पीयू पत्र्याला धरून असेल तर तो धारदार ब्लेडने एक-दोन मिलिमीटर जाडीचा ठेवून सपाट कापायचा असतो. ताज्या कापलेल्या जुन्या पीयूवर नवा पीयू जितका धरतो तितका दुसऱ्या कशावर धरत नाही. शिवाय कंपनीचा मूळ रंग शाबूत राहतो. ब्लेड लागून कुठे रंग उडालाच तर तिथं प्रायमर (पकड देणारा पहिला थर), आणि तो बाटलीवर लिहिलेला वेळ वाळू द्यायचा. फुंकर मारून चालत नाही.

नव्या काचेची कड क्लीनरने पुसायची, तीही एकदा पुसून वाळल्यावर पुन्हा बोट न लावता. सोलापूरकरांना एक विनंती : पुसायला नवा टेरी टॉवेल घेऊ नका. आपल्या गावची शान आहे तो, पण नव्या टॉवेलचे तंतू सुटतात आणि प्रायमरखाली राहिले की पाण्याला वाट मिळते. बिनतंतूचा कागद किंवा धुऊन जुना झालेला सुती कपडा बरा.

काचेच्या कडेला काळा पट्टा असतो तो शोभेचा नव्हे. उन्हातले अतिनील किरण काचेतून थेट पीयूवर पडले तर तो काही वर्षांत सुटतो. पट्टा ते अडवतो. स्थानिक बनवून घेतलेल्या सपाट काचेला हा पट्टा नसेल तर काळा प्रायमर नीट जाड आणि अखंड लावलाच पाहिजे. आपल्या मे महिन्यातल्या उन्हात ही गोष्ट सोडून देण्यासारखी नाही.

गनच्या नोझलला व्ही आकाराचा काप देऊन पीयूची तिकोनी धार एकसलग ओढतात. जिथं सुरुवात तिथंच शेवट, आणि तो जोड सरळ बाजूच्या मध्ये, कोपऱ्यात नाही. बाजूची काच उभी असल्याने वजनाने खाली सरकते, म्हणून खालच्या कडेला ठोकळे आणि वरून टेप. हे ठोकळे विसरले की सकाळी काच चार मिलिमीटर खाली उतरलेली असते आणि वर फट.

एक शेवटचं, काच विकत घेताना. दुकानदाराने तुमच्या मापाने तुमच्यासमोर काच कापून दिली तर ती टफन नाही. टफन काच भट्टीतून निघाल्यावर कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. कापायला गेलात की पूर्ण भुगा होतो. आधी माप, आधी कापणी, मग टफनिंग असा क्रम असतो. कोपऱ्यावर आयएसआय चिन्ह आणि आयएस २५५३ हा आकडा बघा. साधी खिडकीची काच गाडीला बसवली तर अपघातात तिचे सुरीसारखे तुकडे होतात.

प्रश्न : सात सीटर गाडीची मागची छोटी काच गेल्या वर्षी बदलली. पावसाळ्यात तिसऱ्या सीटखाली पाणी साचतं. गॅरेजवाल्याने दोनदा बाहेरून सिलिकॉन मारलं, तरी थेंब थांबत नाही. (जुळे सोलापूर)

दोनदा सिलिकॉन मारल्यावर आता काम पहिल्यापेक्षा अवघड झालंय. सिलिकॉनवर पीयू धरत नाही. उलट सिलिकॉनचा न दिसणारा तेलकट थर राहतो आणि पुढचं कामही सोडवतो. ज्या सिलिकॉनला लावताना व्हिनेगरसारखा वास येतो ते ॲसिड सोडतं, ओरखडलेल्या पत्र्याला गंज लावतं. बाथरूमला, मत्स्यालयाला ठीक आहे. गाडीच्या काचेला नको.

पण आधी खात्री करा की पाणी काचेतूनच येतंय. मागच्या दिव्याचं गॅस्केट, छताची नाली, टेलगेटचं रबर, सनरूफ असेल तर तिच्या निचऱ्याच्या नळ्या, या सगळ्यांचं पाणी उतरून त्याच कोपऱ्यात येतं. आतली ट्रिम काढा, एकजण टॉर्च घेऊन आत बसू द्या. दुसऱ्याने बाहेरून पाइपची बारीक धार खालून सुरू करून हळूहळू वर न्यावी. वरून सुरुवात केली तर सगळं भिजतं आणि कळत काही नाही. प्रेशर गन तर मुळीच नको. दुसरी पद्धत : बाहेरून कडेला साबणाचं पाणी लावा, आतून हवेची नळी फिरवा. बुडबुडा निघेल ती जागा.

काचेतूनच गळत असेल तर ती काच काढून, सिलिकॉनचा प्रत्येक कण खरवडून, नव्याने बसवणं एवढाच उपाय. वरून तिसरा थर मारून घेऊ नका. गालिच्याखालचा फोमही उचलून वाळवा. वरून कोरडा दिसला तरी खाली पाणी धरून ठेवतो, आणि तिथल्या वायरिंगचे जोड हिरवे पडायला लागतात.

प्रश्न : काच बसवल्यावर किती वेळाने गाडी काढायची? मला त्याच संध्याकाळी पुण्याला निघायचं होतं, मिस्त्रीने सोडलं नाही. उन्हाळ्यात तर सगळं लवकर वाळतं ना? (होटगी रोड)

त्याचे आभार माना. पीयू 'वाळत' नाही, हवेतला ओलावा घेऊन पक्का होतो. दुधावर साय धरावी तशी वरची कातडी दहा-वीस मिनिटांत धरते, पण आतला गाभा मऊच असतो. २३ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रतेला साधारण एका दिवसात तीन-चार मिलिमीटर खोलीपर्यंत पक्का होतो. धार याहून जाड असते.

आपल्या उन्हाळ्याची गंमत अशी की पारा चाळिशीपार असतो पण हवा अगदी कोरडी. उष्णतेने कातडी लवकर धरते, म्हणजे काच टेकवायला कारागिराला कमी वेळ मिळतो. कातडी धरल्यावर काच टेकवली तर ती पीयूला चिकटत नाही, नुसती टेकते. ओलावा कमी म्हणून आतलं काम मात्र रेंगाळतं. म्हणजे मे महिन्यात दोन्हीकडून अडचण. म्हणून आम्ही उन्हाळ्यात असं काम सकाळी लवकर, शेडमध्ये करतो. पत्र्यावर हात ठेवता येत नसेल तर त्यावर पीयूही ओढू नये. उलट पावसाळ्यात पीयू लवकर पक्का होतो, फक्त कडेवर पाणी नसलं पाहिजे.

गाडी केव्हा सोडायची हे ट्यूबवर लिहिलेलं असतं. काही पीयू तासाभराचे असतात, काहींना बराच जास्त वेळ लागतो. तुमच्या मिस्त्रीने कोणता वापरला ते विचारा, ट्यूबवरची मुदतही बघा. मुदत गेलेली ट्यूब आतून घट्ट होऊन बसते. पहिला दिवस दारं जोरात आपटू नका, एक काच दोन बोटं उघडी ठेवा. बंद गाडीत दार आपटलं की आतली हवा नव्या काचेला बाहेर ढकलते. टेप दुसऱ्या दिवसापर्यंत राहू द्या, आणि धुलाई केंद्राच्या प्रेशरपासून दोन दिवस लांब.

प्रश्न : जुन्या गाडीच्या मागच्या काचेखाली गंज फुगून आलाय. पेंटर म्हणतो, काच न काढता टेप लावून रंगवतो, काढली तर फुटेल. (अक्कलकोट रोड)

फुटू शकते, हे तो खरं सांगतोय. पण गंज काचेखालून बाहेर आलाय, बाहेरून आत गेलेला नाही. टेप लावून रंगवलं तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा फुगणार, आणि तोवर पीयूखालचा पत्रा गेलेला असेल. गंजावर चिकटवलेली काच म्हणजे पापुद्र्यावर चिकटवलेली काच.

अख्खी काढायला वायरची पद्धत बरी. पीयूतून टोच्याने भोक पाडून पीळदार कटिंग वायर आत घालतात. एकजण आत, एकजण बाहेर, आळीपाळीने ओढत कापत जातात. बाहेरच्या रंगावर टेप, आत डॅशसारख्या प्लॅस्टिकवर जाड पुठ्ठा. साबणाचं पाणी मारत राहिलं की वायर तापत नाही. टफन काचेचा मधला भाग मार सहन करतो, कड अजिबात सहन करत नाही. स्क्रूड्रायव्हर कडेत घालून उचकटली की संपलं. डोळ्यांना चष्मा हवा. कारागिराला सांगायची गरज पडू नये, पण पडते.

काही काचांना कारखान्यातच कडेला रबरी मोल्डिंग ओतलेलं असतं, मागे प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात. ते काढताना तुटतात. म्हणून काच काढायच्या आधी मोल्डिंग, क्लिपा, शक्यतो काचही मिळते का ते विचारून ठेवा. नाहीतर गाडी प्लॅस्टिक लावून पंधरा दिवस उभी.

गंज घासून, इपॉक्सी प्रायमर मारून झाल्यावर पेंटरला एकच सांगा : जिथं पीयू बसणार त्या पट्टीवर वरचा चकाकी रंग नको. ताज्या रंगाचा थर सुटला की काच रंगासकट सुटते.

प्रश्न : नवी काच बाकीच्यांपेक्षा पांढरी दिसते. फिल्म लावून रंग जुळवू का? (सात रस्ता)

नको. बाकीच्या काचा हिरवट छटेच्या आहेत, तुमची साधी आली. पार्ट नंबरने मागवून बदलून घ्या. मोटार वाहन नियम १०० प्रमाणे बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के आणि पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आरपार जायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काचेवरच्या फिल्मवर बंदी घातली. नंतर नियमाच्या शब्दांत बदल झाले, पण चौकात पोलिसापुढे कलमांचा काथ्याकूट करायची हौस असेल तरच त्या वाटेला जा.

प्रश्न : विम्यातून करू की रोखीने? (विजापूर रोड)

पॉलिसी फक्त थर्ड पार्टी असेल तर प्रश्नच मिटला, काच त्यात येत नाही. पूर्ण पॉलिसीत काचेवर घसारा कापत नाहीत, रबर-प्लॅस्टिकच्या भागांवर मात्र ५० टक्के कापतात. शिवाय खासगी कारला १५०० सीसीपर्यंत १,००० आणि त्यापुढे २,००० रुपये तुमच्या खिशातून जातात. खरा हिशेब नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा आहे. तो २० टक्क्यांपासून वाढत ५० पर्यंत जातो आणि एका क्लेमने शून्यावर येतो. ५० टक्क्यांवर असाल आणि छोटी क्वार्टर काच असेल तर रोख द्या. ट्रॅव्हलरची मोठी काच असेल तर आकडेमोड करून बघा. क्लेम करणार असाल तर विमा कंपनीच्या सर्वेअरने बघेपर्यंत काच झाडून टाकू नका, फोटो काढून ठेवा.

प्रश्न : बसच्या सगळ्या काचा चिकटवलेल्या असतील तर आग लागल्यावर बाहेर कसं पडायचं? (पुण्याला रात्रीच्या बसने जाणारी विद्यार्थिनी)

बसमध्ये आपत्कालीन दार असतं, काही खिडक्यांवर तसं लिहिलेलं असतं आणि जवळ छोटी लाल हातोडी टांगलेली असते. बसल्या बसल्या ती कुठे आहे एवढं बघून ठेवा. टफन काचेच्या मध्यभागी मारत बसू नका, कोपऱ्याजवळ मारा. टोकदार हातोडीने एका फटक्यात भुगा होतो. काचेवर फिल्म किंवा जाहिरातीचं स्टिकर असेल तर भुगा झालेली काच जागेवर लोंबकळते, ती पायाने बाहेर ढकलावी लागते. लॅमिनेटेड काच (दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर असलेली), जशी पुढची असते, हातोडीने तडकते पण उघडत नाही, तिच्यावर वेळ घालवू नका.

आणि बसमालकांना : चोरीला जाते म्हणून हातोडी ड्रायव्हरच्या पेटीत कुलपात ठेवलेल्या बस मी पाहिल्या आहेत. साखळीने बांधा, पण खिडकीजवळच राहू द्या.