कुणाला न कळता

“मॅडम, बाहेर कुणाला न कळता घरच्या घरी सोडवता येईल का?” व्यसनमुक्तीच्या समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक कुटुंबांचा पहिला प्रश्न हाच असतो, मुलगा काय घेतो, किती घेतो आणि केव्हापासून घेतो, हे सगळे त्यानंतर निघते. या प्रश्नाचे उत्तर मी ज्या एका घरामुळे आज वेगळे देते, त्या घराची ही हकिकत, ओळख पटू नये इतके तपशील बदलून आणि त्या आईच्या परवानगीने लिहीत आहे.

त्या बाई विडी कामगार होत्या. सकाळी वळलेल्या विड्या कंपनीच्या शाखेत देऊन परस्पर माझ्याकडे आल्या होत्या, कारण घरी ‘विडीचं पान-तंबाखू आणायला उशीर झाला’ एवढे कारण सांगून भागणार होते. एकोणीस वर्षांचा मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, नवरा यंत्रमागावर, मोठ्या मुलीसाठी स्थळे पाहणे सुरू झालेले. मुलगा गांजा ओढतो हे त्यांना आठ महिन्यांपासून ठाऊक होते आणि त्या आठ महिन्यांत त्यांनी गप्प राहून बरेच काही करून पाहिले होते. पंढरपूरला नेऊन त्याच्या गळ्यात माळ घातली होती. दोन महिने मामाच्या गावी ठेवले होते. ‘रुग्णाला न सांगता व्यसन सोडवा’ अशी जाहिरात पाहून चूर्ण मागवले होते आणि ते आमटीत कालवून त्याला वाढले होते.

माळेविषयी मी काही बोलले नाही. माळेच्या आधाराने सावरलेली माणसे मी पाहिली आहेत. चूर्ण मात्र त्याच दिवशी बंद करायला सांगितले. अशा पुडीत काय आहे हे त्यावर धड लिहिलेले नसते. दारू सोडवण्यासाठी डॉक्टर डायसल्फिराम नावाची गोळी देतात. ती पोटात असताना माणूस दारू प्यायला तर त्याचा रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते, आणि म्हणूनच ती रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीनेच दिली जाते. न सांगता औषध देणे हा उपचारच नव्हे.

मग त्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, “आमच्याच घरात तंबाखूनं भरलेलं सूप असतंय, मॅडम. मी कुठल्या तोंडानं त्याला बोलू?” या वाक्यावर त्या भेटीतला बराच वेळ गेला, आणि तो वाया गेला असे मला वाटत नाही, हजार विड्या वळल्या तेव्हा ज्या घराची चूल पेटते, त्या घरातल्या आईने स्वतःला आरोपी मानले की ती मुलाला काही विचारूच शकत नाही.

चूक माझी झाली ती यानंतर. ‘गांजा’ हा शब्द मी जसाच्या तसा धरला. मुलगा दुपारी झोपाळलेला असतो का, जीभ जड होऊन बोलतो का, तोंडाला दारूचा वास नसताना तोल जातो का, दप्तरात किंवा गादीखाली गोळ्यांची रिकामी पाकिटे सापडतात का, यांपैकी एकही प्रश्न मी विचारला नाही. “पुढच्या आठवड्यात त्याच्या वडिलांना घेऊन या,” एवढे सांगून त्यांना पाठवले.

वडील आले नाहीत. त्यांनी त्यांचा मार्ग आधीच ठरवला होता. कामावरून चार दिवसांची सुटी घेऊन त्यांनी मुलाला आतल्या खोलीत कोंडले, बाहेरून कडी लावली आणि शेजारी ‘कावीळ झालीय’ असे सांगितले. पहिल्या रात्री तो ओरडत होता. दुसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरू लागले, घामाने अंथरूण भिजले, झोप उडाली. तिसऱ्या रात्री त्याला फिट आली आणि ती थांबते न थांबते तोच दुसरी आली.

गांजा तो ओढत होताच. पण रोज घेत होता त्या अल्प्राझोलाम या चिंता कमी करून गुंगी आणणाऱ्या औषधाच्या गोळ्या, ज्यांना त्याच्या मित्रांत ‘बटन’ म्हणत. गांजा एकदम सोडला तर चिडचिड होते, झोप आणि भूक जाते, आठवडा-दोन आठवडे वाईट जातात, पण त्याने सहसा जिवाला धोका होत नाही. या गोळ्यांचे तसे नाही. मेंदूची उत्तेजना दाबून धरणे हे त्यांचे काम. अनेक महिने रोज घेतल्या की मेंदू त्या दाबाशी जुळवून घेतो, आणि गोळी अचानक काढली की दाबलेली उत्तेजना एकदम उसळते. थरकाप, भ्रम, फिट हे त्याचेच परिणाम. वर्षानुवर्षे रोज दारू पिणाऱ्याने ती एकाएकी सोडली तरी हेच होऊ शकते. म्हणून कोंडून ठेवणे क्रूर आहे की नाही, हा वाद मी आता पालकांशी घालत नाही. ते जीवघेणे ठरू शकते, एवढेच सांगते.

त्या रात्री शेजारच्या मुलाने रिक्षा काढली आणि त्याला सिव्हिल हॉस्पिटलमध्ये नेले. आठ महिने जपलेले गुपित दहा मिनिटांत गल्लीभर झाले. शेजारच्या आजी मात्र पहाटेपर्यंत त्या बाईंच्या मुलीजवळ बसून होत्या.

मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला जास्त वेळ परिणाम टिकणारे त्याच गटातले औषध सुरू केले आणि ते काही आठवड्यांत थोडेथोडे कमी करत नेले. गोळ्या आईच्या ताब्यात, मोजून दिलेल्या. याच काळात वडील पहिल्यांदा माझ्यासमोर बसले. त्यांना भीती पोलिसांची होती. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यात कलम ६४-अ आहे. केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेली व्यसनी व्यक्ती शासकीय किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी स्वतःहून उपचाराला गेली आणि तिने ते पूर्ण केले, तर त्या गुन्ह्यासाठी तिच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते. शिवाय मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये व्यसनाशी निगडित मानसिक अवस्थाही येतात आणि रुग्णाची माहिती गुप्त राखणे उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. वडिलांनी हे दोनदा समजावून घेतले आणि मग विचारले, “म्हणजे आधी आलो असतो तर गल्लीला कळलंच नसतं?” मी होय म्हणाले. दुसरे काय म्हणणार?

मुलगा माझ्याशी बोलायला लागला तो चौथ्या भेटीत. आदल्या उन्हाळ्याच्या सुटीत तो टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी करत होता. दिवसा पत्र्याखाली झोप लागेना, तेव्हा सोबतच्या एकाने अर्धी गोळी दिली. महिनाभरात अर्धीने काम भागेना. सुटी संपली तरी गोळी राहिली. गांजा नंतर आला, तोही त्याच घोळक्यात. या गोळ्या २०१४ पासून औषधांच्या एच-१ यादीत आहेत, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्या विकता येत नाहीत आणि विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते. तरीही त्याला त्या मिळत गेल्या. व्यसन म्हटले की आपण पांढऱ्या पावडरीच्या बातम्या आठवतो. औषधाच्या पाकिटाकडे आपले लक्ष जात नाही, आणि मुलांनाही ती ‘नशा’ वाटत नाही, औषधच वाटते. त्यावर दारू घेतली तर श्वास मंदावून थांबू शकतो, हे त्याला कुणीही सांगितलेले नव्हते.

“सोडायची होती तर घरी का बोलला नाहीस?” असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, “घरात सगळेच लपवत होते. मी सांगितलं असतं तर ते अजून नीट लपवलं असतं.”

या गोष्टीला आता नऊ महिने झाले. या काळात तो दोनदा घसरला. पहिल्यांदा आईला पाकीट सापडले. दुसऱ्यांदा, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, त्याने रात्री घरी येऊन स्वतःच सांगितले आणि सकाळी आईबरोबर दवाखान्यात आला. या दोन घसरणींमधला फरक वडिलांच्या ध्यानात आणून द्यायला मला एक अख्खी बैठक लागली. त्यांच्या लेखी दोन्ही वेळा ‘पुन्हा घेतलं’ एवढेच होते. मुलीचे एक स्थळ परत गेले. ते यामुळे गेले की हुंड्यावरून, हे कुणालाच ठाऊक नाही.

‘कुणाला न कळता सोडवता येईल का’ हा प्रश्न फोनवर विचारणाऱ्यांना मी आता आधी गोळ्यांचे विचारते. बाहेर पडायचा धीर नसेल, तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ देते; दोन्ही मोफत आहेत आणि घरात बसून लावता येतात. काहीही एकाएकी बंद करायला लावू नका, हे फोन ठेवण्यापूर्वी पुन्हा सांगते.

त्या बाई अजूनही गल्लीत “फिटचा इलाज चालू आहे” असेच सांगतात. ते अर्धे खरे आहे, आणि त्यापुढे मी त्यांना ढकललेले नाही. घरात मात्र आता कावीळ हा शब्द निघाला की मुलगाच आधी हसतो. पुढची तारीख मंगळवारची आहे. विड्या देऊन झाल्यावर तिघेही येणार आहेत.