पुण्यात डी अँड डीचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन एकत्र बसून खेळायचा गोष्टीचा खेळ) ग्रुप नियमित कसा चालवावा? पाच जणांची वेळ जुळतच नाही.

वेळ जुळवत बसू नका. एक रविवार आड, दुपारी ४ ते ७, असं कायमचं ठरवून टाका आणि पाचपैकी तिघं आले तरी खेळायला बसा. कोथरूडमध्ये चार वर्षं मी गेम मास्टर (गोष्ट सांगून खेळ पुढे नेणारा) म्हणून ग्रुप चालवतोय, आणि दर वेळी 'कधी जमेल?' विचारायचो तेव्हाच महिनेच्या महिने खाडा पडायचा. बुधवारी व्हॉट्सॲपवर फक्त 'येतोय की नाही' एवढं विचारा. खरी अडचण गैरहजर माणसाच्या पात्राची होते. त्यासाठी डाव गुहेत अर्धवट सोडू नका, पात्रं गावात किंवा सरायीत परतली की थांबा. मग पुढच्या वेळी कोण नाही याने काही अडत नाही. लढाई मध्येच तोडावी लागलीच, तर कॅरेक्टर शीट्स (प्रत्येक पात्राच्या माहितीचे कागद) तुमच्याच घरी फायलीत ठेवा आणि आमच्यात चेटकिणीचं पात्र खेळणारी हिंजवडीत शिफ्टला अडकली की करतो तसं करा: शेजारचा तिच्या वतीने वीस बाजूंचा फासा टाकतो. मात्र ग्रुपमध्ये ढोल-ताशा पथकातलं कुणी असेल, तर गणपतीआधीचे दोन महिने सरावामुळे हे वेळापत्रक चालणार नाही. तेवढ्यापुरते एका बैठकीत संपणारे छोटे डाव ठेवा.